पाव सूर चढा

रबराचं डांबर होतं, ही गोष्ट मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, पुण्याच्या तपकीर गल्लीत, एका पोरसवदा मेकॅनिकच्या काउंटरवर समजली. त्यानं आमच्या जुन्या टू-इन-वनचं मागचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि डॉक्टर एक्स-रेकडे बघून आधी नुसतं ‘हं’ करतात तसं ‘हं’ केलं.

“काका, बेल्ट गेला.”

“कुठे गेला?”

त्यानं कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं मोटारच्या पुलीवरून काहीतरी काळं, चिकट उचललं. त्याची तार सुटत गेली, सुटतच गेली. पाक दोनतारी झालाय का बघताना आई चिमूट अशीच उजेडाकडे धरायची.

“हा काय, इथेच आहे.”

तीस-पस्तीस वर्षं माळ्यावर पडून राहिलं की टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा असा वितळतो आणि काकवीसारखा पुलीला चिकटून बसतो. माणसांचंही फार वेगळं होत नाही, पण आपण झाकण उघडून बघत नाही म्हणून बरं.

मिरजेचं घर रिकामं करताना हा टू-इन-वन सापडला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे त्याची एक तक्रार सांगायची आहे. त्याच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक निघाली. ट्रंकेत आईचं लग्नातलं ताट, वडिलांचे एलआयसीचे कागद, एक सुटा पेडस्टल फॅन (पाय नसलेला), आणि बुटाच्या खोक्यात कॅसेटी. त्यात ती होती. ‘रॉक एन रोल रेनिगेड’. बँडचं नाव रॉक मशीन, कंपनी सीबीएस, साल १९८८.

मी माळ्याच्या शिडीवरच बसलो. खालून बायकोनं विचारलं, “काय मिळालं? दागिने?”

“रॉक मशीन.”

“ते विकून टाक. भंगारवाला उद्याच येणार आहे.”

तिचा दोष नाही. हे नाव ऐकून लोकांना आधी पिठाची गिरणी आठवते. गेल्या तीस वर्षांत मी हा बँड ज्यांना ज्यांना सांगितला त्यांतल्या कोणीही ‘अरे हो!’ म्हटलेलं नाही. बीटल्स म्हटलं की लोक मान डोलवतात, न ऐकताच डोलवतात. रॉक मशीन म्हटलं की विचारतात, किती लिटरचं?

तर थोडी माहिती. रॉक मशीन हा मुंबईचा बँड, १९८४ साली सुरू झालेला. गायक उदय बेनेगल, गिटार महेश तिनईकर, बास मार्क सेल्विन, ड्रम्स मार्क मेनेझिस, आणखी दोघे-तिघे. त्या काळात आपल्याकडे इंग्रजी रॉक वाजवणं म्हणजे परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवणं. जितकं हुबेहूब तितकी टाळी. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा जलसा व्हायचा, तिथे हजारो पोरं जमायची आणि त्यांना पाठ असलेलीच गाणी मागायची. अशा पब्लिकसमोर हे लोक स्वतःची गाणी घेऊन उभे राहिले, आणि वर त्यांचा अल्बम काढला. कीर्तनाला आलेल्या मंडळींना बुवांनी स्वतःचे अभंग ऐकवण्याइतकं हे धाडस होतं.

पुढे १९९०मध्ये त्यांचा ‘द सेकंड कमिंग’ आला. मग त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, आणि १९९३मध्ये ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या बक्षिसांत आशियाच्या प्रेक्षकांची पसंती मिळाली. १९९७ला बँड मोडला, २०१०ला पुन्हा जमला, २०१२ला ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा अल्बम काढला. हे सगळं मला नंतर कळलं. माझ्यापुरता तो बँड म्हणजे ही एक कॅसेट, आणि ती कॅसेट म्हणजे मिरज.

आता मिरजेत रॉक ऐकणं म्हणजे काय, हे मिरज माहीत नसलेल्यांना सांगायला पाहिजे. आमचं गाव तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध: रेल्वे जंक्शन, डॉक्टर आणि तंतुवाद्यं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथे घर केलं, १९३७ला गेल्यावर ते इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले, आणि आजही उरुसाला मोठमोठे गवई तिथे येऊन गातात. सतारमेकरांच्या गल्लीत पंढरपूरकडचे भोपळे छतापर्यंत रचलेले असतात. नवख्या माणसाला वाटतं, भाजीचा एवढा साठा कशाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. अशा गावात, त्या गल्लीला लागून असलेल्या घरात, खिडकीत टू-इन-वन ठेवून मी रॉक मशीन लावायचो.

कॅसेट आणली माझ्या आत्तेभावानं. तो मुंबईला इंजिनिअरिंग शिकायचा. दिवाळीला महालक्ष्मी एक्सप्रेसनं उतरला तो काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसची पिशवी घेऊन. त्या पिशवीला मी आधी हात लावून पाहिला, मग कॅसेटला. (ऱ्हिदम हाऊस २०१६मध्ये बंद झालं. पिशवी माझ्याकडे अजून आहे, तिच्यात आता विजेची बिलं असतात.)

पहिल्याच दिवशी वडिलांनी कव्हर हातात घेतलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नावं वाचली. बेनेगल, सेल्विन, मेनेझिस इथपर्यंत चेहरा कोरा होता. मग थांबले.

“तिनईकर?”

“हो. गिटार वाजवतात.”

“आयुक्त तिनईकरांचा कोण?”

सदाशिव तिनईकर तेव्हा मुंबईचे महापालिका आयुक्त होते. कडक शिस्तीचे म्हणून पेपरात त्यांचं नाव सारखं यायचं आणि वडील त्यांचे निस्सीम चाहते होते. दोघांचं आडनाव सोडून काही एक आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण वडिलांना तेवढं पुरलं. पुढची तीन वर्षं माझ्या गाण्यांना घरात जी परवानगी होती ती या आडनावावर. शेजाऱ्यांनी तक्रार केली की ते सांगायचे, “चांगल्या घरातली मुलं आहेत. केस वाढवलेत एवढंच.”

शेजाऱ्यांतला एक मात्र तक्रार करत नसे. समोर सतारी करणारे एक काका होते. हातात कानस, अंगावर लाकडाचा भुसा. पहिल्यांदा गिटारचा सोलो ऐकला तेव्हा ते काम टाकून आमच्या खिडकीशी आले आणि शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

“बाळ, हे वाद्य कुठलं?”

“गिटार, काका. इलेक्ट्रिक.”

“जवारी फारच खुली ठेवलीय. घोडी घासून घे म्हणावं.”

मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, एवढं नेमकं संगीत समीक्षण मी नंतर कुठल्या मासिकात वाचलं नाही. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा असा तासतात की तार तिच्यावर नुसती टेकत नाही, हलकेच घासत थरथरते, आणि एका सुरातून त्याचे वरचे सूर झणझणत बाहेर पडतात. तारेखाली सुताचा धागा मागेपुढे सरकवून ती झणझण हवी तेवढी खोलायची. हे काम हाताला बसायला उमेदीची वर्षं जातात. गिटारवाले तोच परिणाम ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त आवाज काढायला लावून साधतात. तो बिचारा फाटतो, आणि त्या फाटण्यालाच लोक टाळ्या वाजवतात. काकांच्या दृष्टीनं ही शॉर्टकट मारलेली जवारी होती. पण जवारीच होती. हे ओळखायला त्यांना एक सोलो पुरला.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी चेहरा गंभीर.

“आणखी एक सांगतो, राग मानू नकोस. हे गाणं पेटीवर धरून बघितलं. कुठल्याच पट्टीत बसत नाही. दोन पट्ट्यांच्या फटीत अडकलंय. पाव सूर चढा आहे.”

मी म्हटलं, रॉकमध्ये चालतं.

“रॉकचं नाही. तुमचा टेप पळतोय. काल तुझ्या वडिलांनी खाँसाहेब लावले होते. तेसुद्धा पाव सूर चढे होते.”

वडील आतून ऐकत होते. त्यांना हे फार लागलं. खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच आणि नाजूक, आणि तो तसा आपल्या मशीनवर इतरांपेक्षा अधिक गोड लागतो असा त्यांचा अनेक वर्षांचा समज होता. पण दुरुस्तीला न्यायचा विषय त्यांनी झटकला. “पळतोय तर पळू दे. तेवढीच वीज वाचते.”

तर माझं रॉक मशीन असं होतं: मूळ बँडपेक्षा किंचित जास्त घाईत, किंचित वरच्या सुरात, आणि माझ्या त्या वेळच्या इंग्रजीतून. एका गाण्याच्या धृपदात मला स्पष्ट ‘पाटलाचा रेडा’ ऐकू यायचं. वर्गातला मित्र म्हणायचा, रेडा नाही, वाडा. यावर आमचं दोन महिने बोलणं बंद होतं. इंग्रजी बँड पाटलाबद्दल का गाईल, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. तिनईकर असू शकतात तर पाटील का नाही?

मी बँड प्रत्यक्ष कधी पाहिला नाही. एकदा प्रयत्न केला. रंगभवनात रॉक मशीन असेल या आशेनं घरी सांगितलं, मुंबईला फॉर्म आणायला जायचंय, शेवटची तारीख १५ ऑगस्ट आहे. वडील पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, “पंधरा ऑगस्टला कुठलं ऑफिस उघडं असतं?” एवढं बारीक नियोजन केलं होतं मी. रंगभवन पुढे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथला आवाज बंद झाला. माझा आवाज त्याच्या बऱ्याच आधी, त्या सकाळीच बंद झाला होता.

आता आत्याचं सांगतो. आत्तेभाऊ इंजिनिअर होऊन १९९२मध्ये मस्कतला गेला. फोन महाग, आणि आत्याला पत्र लिहायचा कंटाळा. तेव्हा आखातात मुलगा असलेल्या घरांत एक पद्धत होती, कॅसेटवर बोलून पाठवायची. कोणी येणारं-जाणारं असलं की त्याच्या हाती. आत्या आमच्याकडे आली, टू-इन-वनसमोर पाट मांडून बसली. कोरी कॅसेट आईनं काढून ठेवली होती, पण आत्या म्हणाली, आधी एखाद्या जुन्या कॅसेटवर सराव करू. आणि बुटाच्या खोक्यातून ‘जुनी’ म्हणून तिनं नेमकी ही उचलली.

विकतच्या कॅसेटवर सहसा रेकॉर्डिंग होत नाही. वरच्या कडेला दोन भोकं असतात ती त्यासाठीच. पण आत्याच्या मुलानंच तिला कधीतरी शिकवलं होतं की भोकात कागदाचा बोळा कोंबला की होतं. तिनं बोळा कोंबला. मी कॉलेजातून आलो तोपर्यंत दुसऱ्या बाजूच्या एका गाण्यात, गिटार सोलो ऐन भरात आलेला असताना, आत्या बसलेली होती.

मी किती ओरडलो ते इथे लिहीत नाही. आत्या शांतपणे म्हणाली, “अरे, दीडच मिनिट तर बोलले. बाकी सगळं आहे की तसंच.”

यंदा कॅसेट मिळाली पण टू-इन-वन मुका, तेव्हा मुलीनं फोनवर ‘टॉप ऑफ द रॉक’ शोधून दिलं. अर्ध्या मिनिटात. ज्यासाठी मी मुंबईला जायला निघालो होतो ते तिनं एका हातात डोसा धरून काढलं. मी डोळे मिटले. गाणं सुरू झालं आणि काहीतरी चुकलं. सगळं खाली होतं. जड. गायकाला भरपेट जेवण घालून, वर ताक पाजून माइकसमोर उभं केल्यासारखं. मला वाटलं, वय झालं, कान गेले. मुलगी म्हणाली, “बाबा, छान आहे की.” खरंच छान होतं. उदय बेनेगलचा आवाज आजही कुठल्याही परदेशी गायकाच्या शेजारी उभा करावा असा आहे. ड्रम मात्र त्या दशकातल्या सगळ्या ड्रमसारखे, विहिरीत बादली पडावी तसे घुमणारे. पूर्ण अल्बमबद्दल माझं आजचं मत विचाराल तर दोन गाणी पहिल्या प्रतीची, तीन बरी, बाकीची केस वाढवायच्या वयात लिहिलेली. पण हे मत फोनवरच्या अल्बमबद्दल. तो अल्बम मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यात पाटीलही नव्हता. शब्द इतके स्वच्छ होते की सगळं इंग्रजीच निघालं.

म्हणून तपकीर गल्ली.

पोरानं स्पिरिट लावून पुलीवरचं डांबर पुसलं. सात काड्या लागल्या, मी मोजल्या. खोक्यातून मापाचा नवा पट्टा काढून चिमट्यानं ओढून बसवला. मग माझी कॅसेट घातली. आवाज आला, पण घोंगडीखालून आल्यासारखा. त्यानं हेडजवळचा एक बारका स्क्रू केसभर फिरवला आणि घोंगडी निघाली. झांजांना धार आली. मी काउंटर घट्ट धरला. सगळं वर होतं, घाईत होतं, जसं पाहिजे तसं होतं.

पोरगा भुवया आक्रसून ऐकत होता. त्यानं दुसरी एक कॅसेट घातली, फोनवर कसलंसं ॲप लावलं आणि म्हणाला, “काका, पळतोय हा. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर जायला पाहिजे. हा तीन टक्के जास्त ओढतोय.”

तीन टक्के म्हणजे पाव सूर. अर्ध्या तासाची बाजू असेल तर ती जवळजवळ मिनिटभर आधी संपते. समोरच्या काकांनी हे कानस हातात धरून, ॲपशिवाय सांगितलं होतं. ते आता नाहीत. त्यांचा मुलगा दुकान चालवतो. त्याला मी हे फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, “अब्बांनी तेव्हाच सांगितलं होतं ना? मग पस्तीस वर्षं काय केलंत?”

“मोटारच्या मागे भोक आहे,” पोरगा म्हणाला. “आत स्क्रू असतो. दोन मिनिटांत सरळ करतो. त्याचे पैसे नको.” आणि बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन तो वाकला.

मी त्याचा हात धरला. अक्षरशः धरला. शेजारी चार्जर घ्यायला आलेला माणूस दोन पावलं मागे सरकला.

“राहू दे.”

“अहो, पण चुकीचं वाजेल.”

“चुकीचंच वाजू दे.”

त्यानं खांदे उडवले आणि झाकण लावलं. वाजणारी वस्तू चुकीची वाजवत ठेवायला पैसे देणारं गिऱ्हाईक त्यानं बहुधा प्रथमच पाहिलं असावं.

रात्री घरी दुसरी बाजू लावली. आई समोर बसली होती. सोलो सुरू झाला, चढत गेला, अगदी टोकाला पोचला, आणि खट् आवाज होऊन आत्या आली. अगदी बरोबर सूर लागलेली, कारण तिचं रेकॉर्डिंग याच पळणाऱ्या टेपवर झालेलं. साऱ्या कॅसेटमध्ये एकटी आत्याच तिच्या पट्टीत आहे. “हॅलो. हॅलो. वहिनी, तो लाल दिवा लागलाय का? लागलाय? काय बोलू? बरं. हां. तर मी इकडे मजेत आहे. तुझी तब्येत सांभाळ. देशपांड्यांबरोबर लिंबाचं लोणचं पाठवतेय. ते फ्रीजमध्ये ठेवू नकोस, ऐकतोयस ना, फ्रीजमध्ये ठेवलं की मुरत नाही. कोरडा चमचा घाल. अजून किती बोलायचं, वहिनी? पुरे?” मग खट्, आणि गिटार पुन्हा, जणू मध्ये कोणी बोललंच नाही.

आई म्हणाली, “परत लाव.” तीन वेळा लावलं. आत्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी ते दीड मिनिट फोनवर रेकॉर्ड करून आत्तेभावाला पाठवलं. मागेपुढे थोडा सोलो राहू दिला, कॅसेट त्यानंच आणलेली म्हणून. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर यायला मात्र पाऊण तास लागला. लिहिलं होतं, “फ्रीजमध्येच ठेवलं होतं.”